स्लॉट कोणाचा? एका मदरबोर्डच्या तपशीलपत्रकाचे वाचन

१/
संगणकाच्या सुट्या भागांबरोबर येणारे तपशीलपत्रक बहुतेक जण दोन बोर्डांची तुलना करण्यापुरतेच वाचतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र ते ताम्रपटासारखे वाचावे, असे मला वाटते. ताम्रपटात दान कोणी दिले, कोणाला दिले, गावाची चतुःसीमा कोणती, कोणते कर माफ, हे ठरावीक शब्दांत येते आणि त्या कोरड्या शब्दांतूनच एक राज्यव्यवस्था उलगडते. मदरबोर्डच्या तपशीलपत्रकातले शब्दही असेच कोरडे आहेत. त्यांच्यामागे खटले आहेत, तह आहेत आणि काही अपघातही आहेत.

२/
आजच्या धाग्यासाठी घेतलेले साधन आहे २०२२ साली बाजारात आलेल्या असूसच्या ‘आरओजी मॅक्झिमस झेड७९० हीरो’ या वरच्या श्रेणीतील बोर्डाचे. त्यातील आपल्या कामाच्या नोंदी अशा: सॉकेट एलजीए १७००, आकार एटीएक्स, म्हणजे ३०५ × २४४ मिलिमीटर. डीडीआर५ मेमरीसाठी चार जागा. पीसीआय एक्स्प्रेस ५.० चे दोन लांब स्लॉट. एम.२ साठवण-पट्ट्यांसाठी पाच जागा. प्रोसेसरच्या वीजपुरवठ्यासाठी ‘२०+१’ पॉवर स्टेज, प्रत्येकी ९० अँपिअर क्षमतेच्या. शिवाय बिघाडाचा संकेत दाखवणारा दोन अंकी दर्शक.

यातला सर्वांत महत्त्वाचा शब्द कोणता, असे विचारले तर मी ‘स्लॉट’ म्हणेन. कारण या यंत्राचा राजकीय इतिहास त्या चिंचोळ्या फटीतून गेला आहे.

३/
प्रारंभी मदरबोर्डवर फारसे काही नसे. १९७५ च्या ‘अल्टेअर ८८००’ मध्ये तळाशी स्लॉटांची एक रांग होती. प्रोसेसर स्वतःसुद्धा एका कार्डावर बसून त्या रांगेत खोचला जाई, मेमरीप्रमाणेच. दोन वर्षांनी आलेल्या ‘ॲपल टू’ मध्ये प्रोसेसर मूळ बोर्डावर आला आणि शेजारी आठ स्लॉट राहिले.

त्या आठांवरूनही वाद झाला होता. स्टीव्ह जॉब्स यांच्या मते दोन पुरेसे होते, एक प्रिंटरला आणि एक मोडेमला. स्टीव्ह वॉझ्निअॅक आठांवर अडून बसले आणि जिंकले. विकलेल्या यंत्रात पुढे काय बसेल हे कोणी ठरवायचे, बनवणाऱ्याने की विकत घेणाऱ्याने? वाद आकड्याचा दिसत असला तरी प्रश्न हा होता, आणि तो पुढे अनेकदा परत येणार होता.

४/
१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ जाहीर केला. फ्लोरिडातील बोका रेटन येथे डॉन एस्ट्रिज यांच्या चमूने तो सुमारे वर्षभरात उभा केला होता. आयबीएमसारख्या अवाढव्य संस्थेत एवढ्या वेळात नवे यंत्र घडवणे जवळजवळ अशक्य मानले जाई. म्हणून चमूने एक तडजोड केली: सारे काही घरात बनवण्याऐवजी बाजारात मिळणारे भाग घ्यायचे. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, वेग ४.७७ मेगाहर्ट्झ. मुख्य बोर्डावर पाच स्लॉट. त्या बोर्डाला आयबीएम ‘सिस्टीम बोर्ड’ म्हणत असे. ‘मदरबोर्ड’ हा शब्द त्यांच्या कागदपत्रांना फारसा मानवत नव्हता.

५/
याहून धाडसी गोष्ट म्हणजे आयबीएमने यंत्राचे तांत्रिक संदर्भपुस्तक छापून विकायला ठेवले. त्यात बोर्डाची विद्युत्-आरेखने होती आणि बायॉसची अख्खी संहिताही होती. बायॉस म्हणजे यंत्र सुरू होताच जागी होणारी, प्रोसेसर आणि बाकीचे भाग यांची ओळख करून देणारी लहानशी आज्ञावली. इतरांनी आपल्या यंत्रासाठी कार्डे बनवावीत, हा छापण्यामागचा हेतू होता.

हे औदार्य खरे, पण त्याला दुसरी बाजूही होती. भाग बाजारातले, आरेखने उघड. मग आयबीएमचे स्वतःचे असे काय उरले? ती आठ किलोबाइटची बायॉस. तिच्यावर कॉपीराइट होता. ती छापलेली असल्यामुळे नक्कल करणाऱ्याला ‘आम्ही पाहिलीच नव्हती’ असे म्हणणेही अवघड होते. दार सताड उघडे, उंबरठ्यावर मात्र कायदा बसलेला.

६/
हा उंबरठा ओलांडण्याची रीत ह्यूस्टनच्या कॉम्पॅक कंपनीने दाखवून दिली. फेब्रुवारी १९८२ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधून बाहेर पडलेल्या रॉड कॅनियन, जिम हॅरिस आणि बिल मर्टो यांनी ती स्थापन केली. त्यांनी दोन गट केले. पहिल्या गटाने आयबीएमची संहिता वाचायची आणि ती काय करते, एवढेच लिहून काढायचे. कसे करते, ते नाही. दुसऱ्या गटात मूळ संहिता कधीही न पाहिलेले लोक. त्यांनी केवळ त्या वर्णनावरून नवी बायॉस लिहायची. दोन गटांमध्ये कायदेतज्ज्ञांची भिंत.

‘क्लीन रूम’ म्हणून ही पद्धत प्रसिद्ध आहे. कॉपीराइट अभिव्यक्तीवर असतो, कार्यावर नव्हे, हा कायद्यातला भेद त्यांनी अभियांत्रिकीत उतरवला. या धाग्यातील सर्वांत सुंदर युक्ती मला हीच वाटते. ज्यांनी ती वापरली नाही त्यांची गत पाहा: ईगल आणि कोरोना या कंपन्यांवर आयबीएमने १९८४ मध्ये दावे लावले आणि त्यांना बायॉस बदलावी लागली.

७/
कॉम्पॅकचे यंत्र नोव्हेंबर १९८२ मध्ये जाहीर झाले. ‘पोर्टेबल’ म्हणवणाऱ्या त्या पेटीचे वजन होते साधारण पावणेतेरा किलो. विक्री सुरू झाल्याच्या पहिल्याच वर्षी, १९८३ मध्ये, कंपनीने ११.१ कोटी डॉलरची उलाढाल केली. पुढच्या वर्षी फिनिक्स टेक्नॉलॉजीज याच पद्धतीने लिहिलेली बायॉस कोणालाही परवान्यावर देऊ लागली. आता कायदेशीर ‘सुसंगत’ संगणक बनवण्यासाठी वकिलांची फौज पदरी बाळगण्याची गरज राहिली नाही. बायॉस विकत घ्यायची, बोर्ड बनवायचा, बस्स.

८/
आयबीएमला स्वतःच्या घराची चावी परत हवी होती. २ एप्रिल १९८७ रोजी ‘पीएस/२’ मालिका आली आणि तिच्यासोबत ‘मायक्रो चॅनल’ नावाचा नवा स्लॉट. निष्पक्षपणे सांगायचे तर तो सरस होता. ३२ बिटांचा होता, वेगवान होता, आणि कार्ड बसवताना बारीक जंपर हलवत बसण्याची कटकट त्यात नव्हती.

पण जुने एकही कार्ड त्यात बसत नव्हते. स्लॉट वापरायचा तर आयबीएमचा परवाना घ्यावा लागे, आणि त्या परवान्यासोबत आजवर विकलेल्या जुन्या सुसंगत यंत्रांच्याही स्वामित्वधनाची मागणी येई. चौथाईची वसुली मागील वर्षांच्या थकबाकीसह सुरू झाली म्हणा ना.

९/
१३ सप्टेंबर १९८८ रोजी नऊ कंपन्या एकत्र आल्या: एएसटी, कॉम्पॅक, एप्सन, एचपी, एनईसी, ऑलिव्हेटी, टँडी, वाइज आणि झेनिथ. वृत्तपत्रांनी त्यांना ‘नऊ जणांची टोळी’ म्हटले. त्यांनी स्वतःचा ३२ बिटांचा स्लॉट जाहीर केला, ‘आयसा’.

त्याची रचना मुद्दाम पाहण्यासारखी आहे. स्लॉटमध्ये संपर्कपट्ट्यांचे दोन मजले होते. जुने कार्ड वरच्या मजल्यावरच अडे आणि पूर्वीसारखे चाले. नव्या कार्डाच्या खाचा अशा कापलेल्या की ते खालच्या मजल्यापर्यंत उतरे. मायक्रो चॅनलने जुन्या कार्डधारकाला बाहेर काढले होते, या स्लॉटने त्याला आत ठेवून वर नवी माडी चढवली.

१०/
या भांडणातून एक नामकरणही झाले. जुन्या स्लॉटला तोवर ‘एटी बस’ म्हणत, आणि ‘एटी’ हे आयबीएमच्या यंत्राचे नाव. विरोधकांनी त्याच स्लॉटला ‘इंडस्ट्री स्टँडर्ड आर्किटेक्चर’ असे नाव दिले. एका कंपनीची वस्तू नावापुरती का होईना ‘उद्योगाची’ झाली. प्रदेश जिंकल्यावर गावांची नावे बदलतात, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला सांगायला नको.

माझ्या मते १९८७-८८ हेच या कथेचे खरे वळण आहे. आयबीएमचा पराभव कॉम्पॅकच्या बायॉसने झाला असे सहसा लिहिले जाते, ते मला अर्धवट वाटते. बायॉसने फक्त दार उघडले. आयबीएमने ते पुन्हा लावू पाहिले तेव्हा बाकीचे एकत्र उभे राहिले, आणि ग्राहक जुनी कार्डे टाकायला तयार झाला नाही. निकाल तिथे लागला.

११/
गंमत अशी की ‘आयसा’ही फारसा चालला नाही. महाग पडल्याने तो मुख्यतः सर्व्हरमध्ये राहिला. दोघांच्या भांडणात तिसरा आला: इंटेल. १९९२ मध्ये तिने ‘पीसीआय’ स्लॉटचे विनिर्देश जाहीर केले आणि ते सांभाळायला उद्योगातील कंपन्यांचा एक संघ उभा राहिला. सेकंदाला १३३ मेगाबाइट इतकी त्याची कमाल क्षमता. पुढे ॲपलनेही १९९५ पासून आपल्या पॉवर मॅकमध्ये हाच स्लॉट स्वीकारला. आठ स्लॉटांपासून निघालेला प्रवाह असा एका सामायिक पात्रात आला.

२००३ मध्ये त्याची जागा घेणारा पीसीआय एक्स्प्रेस आला, तेव्हा एका मार्गिकेतून एका दिशेला सेकंदाला २५० मेगाबाइट जात. आपल्या तपशीलपत्रकातील ‘५.०’ आवृत्तीत तीच मार्गिका सुमारे ४ गिगाबाइट वाहते, आणि लांब स्लॉटमध्ये अशा १६ मार्गिका असतात. तरीही जुन्या आवृत्तीचे कार्ड नव्या स्लॉटमध्ये आजही चालते. १९८८ चा धडा कोणी विसरलेले नाही.

१२/
येथे एक छोटे विषयांतर. यूएसबीच्या शिल्पकारांत ज्यांचे नाव घेतले जाते आणि पीसीआय एक्स्प्रेसच्या घडणीतही ज्यांचा वाटा आहे, ते इंटेलचे तत्कालीन अभियंते अजय भट्ट मूळचे बडोद्याचे. त्यांनी पदवी घेतली ते विद्यापीठ महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या नावाचे. मराठी वाचकाने बडोद्याचा हा धागा ठाऊक असू द्यावा, इतकेच. याचा अर्थ यूएसबी ‘आपण’ शोधला असा काढू नये. ते सात कंपन्यांचे सामूहिक काम होते, आणि त्या सातांत कॉम्पॅक व आयबीएम शेजारी शेजारी बसलेले होते.

१३/
आता पुढची नोंद, ‘एटीएक्स’. हा आकार इंटेलने १९९५ मध्ये ठरवला. त्याआधीच्या एटी पद्धतीच्या यंत्रांत वीजपुरवठ्याच्या दोन वेगळ्या जोडण्या शेजारी शेजारी खोचाव्या लागत, आणि त्या दिसायला जवळजवळ सारख्या. अदलाबदल झाली की बोर्ड जळालाच. म्हणून दुरुस्ती करणाऱ्यांचा एक मंत्र होता: काळ्या तारा मध्यभागी, एकमेकींना लागून. एटीएक्सने दोन्हींची एकच जोडणी केली, उलटी न बसणारी. एका पिढीचे पाठांतर एका प्लास्टिकच्या साच्याने अनावश्यक ठरवले.

१४/
दुसरा बदल अधिक खोल होता. जुन्या यंत्राचे बटण थेट वीज तोडत असे. विंडोज ९५ बंद केल्यावर काळ्या पडद्यावर केशरी अक्षरांत ‘आता संगणक बंद करणे सुरक्षित आहे’ अशा अर्थाचे वाक्य येई आणि माणसाने उठून बटण दाबायचे. एटीएक्समध्ये बटण बोर्डाला केवळ विनंती करते. वीज कधी तोडायची हे यंत्र ठरवते. त्यासाठी बंद संगणकातही पाच व्होल्टचा एक बारीक प्रवाह सतत चालू असतो. आपण ज्याला ‘बंद’ म्हणतो ते यंत्र १९९५ पासून खऱ्या अर्थाने बंद झालेलेच नाही.

१५/
इंटेलने २००४ मध्ये ‘बीटीएक्स’ नावाचा नवा आकार आणून पाहिला. हवा खेळती राहण्याच्या दृष्टीने तो विचारपूर्वक आखलेला होता. पण सगळ्यांच्या पेट्या, पंखे, वीजपुरवठे एटीएक्सला धरून बनत होते, आणि दोनच वर्षांत इंटेलला माघार घ्यावी लागली. मानक एकदा सर्वांचे झाले की ते ज्याने घडवले त्याचेही ऐकत नाही. आयबीएमचा अनुभव इंटेलला असा लहान प्रमाणात आला.

१६/
बोर्ड बनवणारे हात मात्र एव्हाना पॅसिफिकच्या पलीकडे, तैवानात गेले होते. गिगाबाइट आणि एमएसआय १९८६ च्या, असूस १९८९ ची. असूस चार अभियंत्यांनी स्थापन केली. चौघेही आधी एसर कंपनीत होते. पेगॅससमधली पहिली तीन अक्षरे गाळून हे नाव घेतले, म्हणजे वर्णानुक्रमे यादीत वर येईल, असा व्यवहारी हिशेब त्यामागे होता.

१७/
असूसची एक उत्पत्तिकथा वारंवार सांगितली जाते. इंटेलचा ४८६ प्रोसेसर आला तेव्हा त्याचे नमुने तैवानच्या छोट्या कंपन्यांपर्यंत लवकर पोहोचत नसत. चौघांनी चिप हाती नसताना, जुन्या ३८६ चा अनुभव आणि उपलब्ध तांत्रिक माहिती यांवरून बोर्ड तयार केला आणि तो घेऊन इंटेलकडे गेले. तेथे इंटेलचा स्वतःचाच बोर्ड अडला होता. पाहुण्यांनी तो दोष दूर केला आणि मग स्वतःचा बोर्ड चालवून दाखवला.

कथा इतकी सुबक आहे की सावध व्हावे. राजवाड्यांनी बखरींपेक्षा अस्सल कागदावर विश्वास ठेवायला शिकवले. ही गोष्ट मी बखरीच्याच खात्यात ठेवतो. तरी बखरीलाही मोल असते. तैवानच्या या उद्योगाला स्वतःकडे कसे पाहावेसे वाटले, नकलाकार म्हणून नव्हे तर मालकाचे यंत्र दुरुस्त करून देणारा कारागीर म्हणून, हे त्या कथेतून नेमके कळते.

१८/
याच काळाची काळी बाजू ‘२०+१ पॉवर स्टेज’ या नोंदीत दडली आहे. आधी ती नोंद समजून घेऊ. आजचा वरच्या श्रेणीचा प्रोसेसर पूर्ण भारावर २५० वॅटच्या आसपास वीज घेतो, पण ती साधारण सव्वा व्होल्ट इतक्या कमी दाबाने. गणित करा: २०० अँपिअर. घरातल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमधून तेवढीच वीज घेताना जेमतेम एक अँपिअरच्या वर प्रवाह वाहतो. बोर्डाला १२ व्होल्टची वीज मिळते. ती सव्वा व्होल्टवर उतरवून, हा प्रचंड प्रवाह अनेक वाटांमध्ये विभागून प्रोसेसरला स्थिर पोहोचवणे, हे त्या पॉवर स्टेजचे काम. आणि त्यातली चढउतार शोषून घेण्याचे काम कपॅसिटरचे.

१९/
२००० च्या आसपास जगभरचे बोर्ड अकाली मरू लागले. कपॅसिटरच्या डब्या डोक्यावर फुगत, फुटत, आतून तपकिरी द्रव ओघळे. इतिहासात याला ‘कपॅसिटर प्लेग’ म्हणतात. रासायनिक कारण असे की पाण्याचे प्रमाण अधिक असलेल्या विद्युत्-द्रवात ॲल्युमिनियमला गंजापासून वाचवणारे घटक नीट नव्हते; त्यामुळे आत हायड्रोजन साचत गेला. जपानमधून चोरलेले सूत्र अपुरे उतरवले गेले, अशी कथा पुढे छापून येत राहिली. गुप्तहेरकथेला शोभेल अशी ती आहे, म्हणूनच मी तिच्यावर फार भार टाकत नाही.

परिणाम मात्र खरे होते. हौशी मंडळींची लाडकी तैवानी कंपनी एबिट यात पोळली, ग्राहकांच्या सामूहिक दाव्यात तिला तडजोड करावी लागली, आणि २००८ अखेर तिचे मदरबोर्ड संपले. तिच्या पतनाची इतरही कारणे होती. पण बदनामी कपॅसिटरने केली.

२०/
त्यानंतरच्या जाहिरातींत ‘सॉलिड कपॅसिटर’, ‘जपानी कपॅसिटर’ हे शब्द ठळक अक्षरांत दिसू लागले. त्याआधी एवढ्याशा डबीचे कूळ-गोत्र कोणी विचारत नसे. तपशीलपत्रकात एखादा शब्द अचानक मोठा होतो तेव्हा त्याआधी काहीतरी फुटलेले असते, हे वाचनाचे सूत्र लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आणि प्रश्न मिटला असेही नाही. आपल्या बोर्डाचाच पूर्वज, झेड६९० हीरो: त्याच्या काही नगांवर मेमरीजवळचा एक कपॅसिटर उलटा बसल्याने भाग जळाल्याच्या तक्रारी आल्या. डिसेंबर २०२१ मध्ये असूसने ही चूक मान्य करून बोर्ड बदलून देण्याचे जाहीर केले. एटीएक्सने उलटी जोडणी अशक्य केली होती, पण ती वापरणाऱ्यासाठी. कारखान्यातल्या जुळणीच्या रांगेवर उलटे बसणे शक्य राहिलेच.

२१/
बाकीच्या नोंदी झटपट पाहू. ‘एलजीए १७००’ म्हणजे प्रोसेसरच्या तळाशी १७०० संपर्कबिंदू. १९८१ च्या ८०८८ ला ४० पाय होते. दोन अंकी दर्शक हा १९८४ च्या आयबीएम एटीचा वारसा: सुरुवातीची चाचणी कुठवर आली याचा संकेत ते यंत्र ठरावीक पत्त्यावर पाठवी, आणि तो वाचायला तंत्रज्ञ वेगळे कार्ड बाळगीत. बॅटरीवर चालणारे घड्याळही त्याच एटीतून आले. तिथल्या नाण्याएवढ्या सीआर२०३२ बॅटरीचे नाव म्हणजे तिचे माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२.

२२/
शेवटी, या तपशीलपत्रकात काय नाही तेही पाहावे. मेमरीवर नियंत्रण ठेवणारी चिप पूर्वी बोर्डावर असे. एएमडीने २००३ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये ती प्रोसेसरच्या आत घेतली. डेस्कटॉपवर मेमरीच्या चार जागा आणि ते लांब स्लॉट अजून आहेत, पण अनेक लॅपटॉपमध्ये मेमरी थेट बोर्डाला डाखलेली असते. वाढवायची सोयच नाही. १९७७ मध्ये दोन की आठ असा वाद होता. आता बऱ्याच यंत्रांत उत्तर शून्य आहे, आणि ते विकत घेताना कोणी आपल्याला विचारत नाही.

इंटेलने स्वतः डेस्कटॉप बोर्ड बनवण्यातून बाहेर पडत असल्याचे २०१३ मध्ये जाहीर केले. आयबीएमने तर त्याआधीच, २००५ मध्ये, आपला संपूर्ण पीसी व्यवसाय लेनोव्होला दिला होता. ज्यांनी स्लॉट ठरवले ते दोघेही बोर्डावरून गेले.

२३/
कोणाच्या घरी माळ्यावर नव्वदच्या दशकातला संगणक पडून असेल तर पेटी उघडून बोर्डाचे छायाचित्र या धाग्याखाली जरूर टाका. काळे लांब स्लॉट दिसले तर ते १९८८ मध्ये बारसे झालेले. त्यांच्या शेजारचे आखूड पांढरे, ते पीसीआय. एखाद्याला मायक्रो चॅनलचा स्लॉट सापडला तर मला वेगळे कळवा, तो मी अजून प्रत्यक्ष पाहिलेला नाही. आणि बॅटरी गळली असेल तर बोटे लावू नका.